लोड काढताच मॉस्फेट का उडतो?

वायरलेस वीजपुरवठ्याचा प्रकल्प हाती घेतलेली बहुतेक मंडळी एकाच जागी येऊन अडकतात. कॉइल गुंडाळून होतात, कपॅसिटर जोडले जातात, हवेतल्या हवेत बल्ब लागतो, टेबलाभोवती आनंदीआनंद होतो. मग कोणीतरी तो बल्ब काढून दुसरं काही लावायला जातं आणि तेवढ्यात ट्रान्समीटरचा मॉस्फेट उडतो. सगळ्यांचा पहिला अंदाज ठरलेला असतो: लोड जास्त झाला. खरं तर त्या क्षणी लोड होताच कुठे?

समोरासमोर ठेवलेल्या दोन कॉइल, दोन्हीकडे सिरीजमध्ये एकेक कपॅसिटर, १०० किलोहर्ट्झच्या आसपासची फ्रिक्वेन्सी आणि पाच ते पन्नास वॉट अशा मांडणीवर काम करणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे असे बरेच प्रकल्प याच मांडणीचे असतात, आणि इंटरनेटवर सापडणारी बहुतेक सर्किटंही.

आधी आकडे घेऊ. क्यूआय या मोबाइल चार्जिंगच्या मानकातल्या ए-१ प्रकारच्या ट्रान्समीटरमध्ये कॉइल २४ मायक्रोहेन्रीची आणि कपॅसिटर १०० नॅनोफॅरॅडचा असतो. तीच जोडी आपण दोन्हीकडे वापरली असं धरा. रेझोनन्स येतो जवळपास १०३ किलोहर्ट्झवर. दोन कॉइलमधलं कपलिंग ०.२५, म्हणजे परस्पर इंडक्टन्स ६ मायक्रोहेन्री. ट्रान्समीटरला १२ व्होल्टवर चालणारा हाफ ब्रिज. त्यातून कॉइलला मिळणारं मूळ फ्रिक्वेन्सीचं व्होल्टेज साधारण ५.४ व्होल्ट. मॉस्फेट आणि तार मिळून प्रत्येक बाजूचा रेझिस्टन्स ०.२ ओहम.

रेझोनन्सवर रिसीव्हरचा लोड ट्रान्समीटरला उलटा होऊन दिसतो. परस्पर इंडक्टन्सचा रिअ‍ॅक्टन्स आपल्या उदाहरणात ३.८७ ओहम आहे. त्याचा वर्ग करून रिसीव्हरकडच्या एकूण रेझिस्टन्सने भागा. जे उत्तर येईल तेवढा रेझिस्टन्स ट्रान्समीटरच्या कॉइलमध्ये जास्तीचा आल्यासारखा वागतो. लोड १० ओहमचा असेल तर तो दीड ओहम दिसतो, ५० ओहमचा असेल तर फक्त ०.३. लोड सुटला की दिसणारा रेझिस्टन्स शून्य, आणि १२ व्होल्टच्या ब्रिजसमोर उरतात ते तुमच्या तारेचे आणि मॉस्फेटचे ०.२ ओहम.

आता प्रवाह मोजा. १० ओहमवर ट्रान्समीटरच्या कॉइलमध्ये ३.२ अँपियर वाहतात आणि लोडवर सुमारे १२ व्होल्ट मिळतात. छान चाललेलं असतं. ५० ओहम लावले की प्रवाह ११ अँपियरच्या घरात जातो आणि लोडवर ४२ व्होल्ट येतात. लोड पूर्ण काढला तर हिशेबाने २७ अँपियर. रिसीव्हरच्या उघड्या टोकांवर १०० व्होल्टच्या वर. ट्रान्समीटरच्या रेझोनन्स कपॅसिटरवर तर ४०० व्होल्टच्याही वर, कारण २७ अँपियर त्याच्या साडेपंधरा ओहमच्या रिअ‍ॅक्टन्समधून जात असतात. हे सगळं १२ व्होल्टच्या सप्लायवर! प्रत्यक्षात २७ अँपियरपर्यंत गोष्ट पोचत नाही, त्याआधी काहीतरी जळतं.

उलट रिसीव्हरची कॉइल आणि कपॅसिटरची जोडी सरळ शॉर्ट करा. ट्रान्समीटरला ७५ ओहम दिसतात आणि प्रवाह अँपियरच्या दहाव्या भागाइतकाही उरत नाही. म्हणजे या मांडणीत शॉर्ट सुरक्षित आणि ओपन धोक्याचं. घरातल्या वायरिंगवर पोसलेली आपली सगळी सवय याच्या विरुद्ध आहे. शॉर्ट झालं की फ्यूज उडतो हे आपल्या हाडीमासी भिनलेलं असतं, म्हणूनच लोड काढून टाकणं निर्धोक वाटतं.

थोडक्यात, सिरीज-सिरीज मांडणी रेझोनन्सवर चालवली की रिसीव्हर हा ठरावीक प्रवाह देणारा स्रोत होतो. लोड पाच ओहमचा असो वा दहाचा, प्रवाह सव्वा अँपियरच्या आगेमागेच राहतो, व्होल्टेज मात्र लोडप्रमाणे हवं तिथे जातं. "व्होल्टेज स्थिर कसं ठेवू" या प्रश्नाच्या आधी आपली लिंक प्रवाहाचा स्रोत आहे की व्होल्टेजचा, हे ठरवावं लागतं. ते न ठरवता मायक्रोकंट्रोलरमध्ये पीआयडी लिहायला बसणाऱ्यांची दया येते.

बक कन्व्हर्टरचा सापळा

व्होल्टेज वरखाली होतंय म्हणून रिसीव्हरमध्ये रेक्टिफायरच्या पुढे बाजारात मिळणारा बक कन्व्हर्टरचा छोटा बोर्ड लावायचा, हा सर्वांत सोपा दिसणारा उपाय. बोर्ड स्वस्त असतो आणि आउटपुट पाच व्होल्टला घट्ट धरून ठेवतो. पण बक इनपुटकडून कायम तेवढीच पॉवर ओढतो. त्याचं इनपुट व्होल्टेज वाढलं की तो प्रवाह कमी घेतो.

१५ वॉट ओढणारा बक १३.६ व्होल्टला १.१ अँपियर घेतो. रेक्टिफायरमधूनही तेवढाच येतोय, समतोल आहे. काही कारणाने व्होल्टेज १५ झालं तर बक १ अँपियरच घेईल. वरचा ०.१ अँपियर फिल्टर कपॅसिटरमध्ये साठतो, व्होल्टेज आणखी चढतं, बक आणखी कमी घेतो. थांबायला जागाच नाही. उलट दिशेलाही तेच: व्होल्टेज थोडं घसरलं की बक जास्त ओढतो आणि रेक्टिफायर कोसळतो. ही अस्थिरता फिल्टर कपॅसिटर मोठा करून जात नाही, फक्त सावकाश होते. मोबाइल लावल्यावर चार्जिंग चालू-बंद, चालू-बंद होत राहतं ते कित्येकदा यामुळेच. लोक दोष कॉइलला देतात आणि पुन्हा गुंडाळायला बसतात.

प्रवाहाच्या स्रोतापुढे शोभतो तो शंट प्रकारचा उपाय, म्हणजे जादा प्रवाह बाजूला वळवणं. रेक्टिफायरच्या ब्रिजमधले खालचे दोन डायोड काढून तिथे मॉस्फेट बसवा. फिल्टरचं व्होल्टेज १४ च्या वर गेलं की दोन्ही मॉस्फेट एकदम चालू करायचे. कॉइल शॉर्ट होते, जी इथे सुरक्षित अवस्था आहे, आणि वरचे दोन डायोड फिल्टर कपॅसिटरला रिकामा होऊ देत नाहीत. व्होल्टेज १३ ला उतरलं की मॉस्फेट पुन्हा बंद. यासाठी हिस्टरेसिस असलेला एक कंपॅरेटर पुरतो, मायक्रोकंट्रोलरची गरज नाही. एक पथ्य मात्र पाळा: सर्किट सुरू होताना, कंपॅरेटरला सप्लाय मिळण्याआधी, मॉस्फेटच्या गेटवर पुल-डाउन हवा आणि मॉस्फेटचे आतले डायोड ब्रिजचं काम करत राहायला हवेत. नाहीतर रिसीव्हर कधी जागाच होणार नाही.

या मांडणीला योग्य असं एक कामही आहे, ते म्हणजे लिथियम बॅटरीच्या चार्जिंगचा ठरावीक प्रवाहाचा पहिला टप्पा. बॅटरी भरत येते तसा प्रवाह कमी करावा लागतो, म्हणजे लोड हलका होतो. तिथून पुढे पुन्हा वरचा शंट लागतोच.

कपलिंग आधी मोजा

पुढच्या कोणत्याही उपायासाठी कपलिंगचा खरा आकडा हाती असावा लागतो. तो अंदाजाने लिहू नका. एलसीआर मीटर १०० किलोहर्ट्झवर लावा आणि कपॅसिटर न जोडता ट्रान्समीटरच्या कॉइलचा इंडक्टन्स दोनदा मोजा: रिसीव्हर कॉइलची टोकं मोकळी ठेवून आणि मग ती शॉर्ट करून. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा, भागाकार एकातून वजा करा, वर्गमूळ काढा. मोकळं २४ आणि शॉर्ट २२.५ मायक्रोहेन्री आलं तर कपलिंग ०.२५. रिसीव्हर ज्या जागी, ज्या अंतरावर, ज्या फेराइटसह वापरला जाणार, तसाच ठेवून मोजायचं, कारण समोर फेराइट आलं की ट्रान्समीटर कॉइलचा मोकळा इंडक्टन्सही वाढतो. जवळात जवळ, लांबात लांब आणि कॉइल एका बाजूला सरकवून, अशा तिन्ही नोंदी वहीत हव्यात. विद्युत मोटारींच्या वायरलेस चार्जिंगमध्येही हीच डोकेदुखी आहे: माणसं बसली की गाडी खाली दबते, अंतर बदलतं. एसएई जे-२९५४ या मानकाने ७९ ते ९० किलोहर्ट्झचा पट्टा दिलाय तो अशा फरकांना सामावून घेण्याइतपत.

व्होल्टेज स्थिर ठेवणारी फ्रिक्वेन्सी

दोन्ही बाजू सारख्या असलेल्या सिरीज-सिरीज मांडणीत रेझोनन्सशिवाय आणखी दोन फ्रिक्वेन्सी महत्त्वाच्या असतात. तिथे लोड कितीही बदलला तरी रिसीव्हरचं व्होल्टेज ट्रान्समीटरला दिलेल्या व्होल्टेजइतकंच राहतं, अर्थात तारेतला लहानसा तोटा सोडून. वरची फ्रिक्वेन्सी काढायला एकातून कपलिंग वजा करा, त्याचं वर्गमूळ घ्या आणि रेझोनन्स फ्रिक्वेन्सीला त्याने भागा. आपल्या उदाहरणात ती ११९ किलोहर्ट्झच्या जवळ येते. खालची काढायला वजाबाकीऐवजी बेरीज. ती ९२ किलोहर्ट्झच्या आसपास.

वरचीच घ्या. तिथे ब्रिजला लोड इंडक्टिव्ह दिसतो, मॉस्फेट शून्य व्होल्टेजवर चालू होतात आणि थंड राहतात. खालच्या फ्रिक्वेन्सीवर लोड कपॅसिटिव्ह दिसतो. आउटपुट तसंच स्थिर, पण प्रत्येक सायकलला एका मॉस्फेटचा आतला डायोड चालू असतानाच दुसरा मॉस्फेट चालू होतो आणि दोन्ही तापतात. मल्टिमीटरवर फरक दिसत नाही, हीटसिंकला बोट लावलं की कळतो.

११९ किलोहर्ट्झवर लोड काढून पाहा. ट्रान्समीटरमध्ये फक्त १.२ अँपियर वाहतात. कॉइल त्याच, कपॅसिटर तेच, सप्लाय तोच, आणि २७ अँपियर कुठल्या कुठे गेले! किंमत मोजावी लागते ती पॉवरची: ५.४ व्होल्टला १० ओहमवर जेमतेम तीन वॉट. हाफ ब्रिजऐवजी फुल ब्रिज केला की व्होल्टेज दुप्पट होतं आणि पॉवर बाराच्या आसपास जाते. दुसरी अडचण मोठी आहे. ही फ्रिक्वेन्सी कपलिंगवर अवलंबून असते. कपलिंग ०.१५ झालं की ती १११ वर येते, ०.३५ झालं की १२७ वर जाते. त्यामुळे अंतर पक्कं असेल, म्हणजे रिसीव्हर साच्यात बसत असेल किंवा चुंबकाने चिकटत असेल, तर हा मार्ग उत्तम. रिसीव्हर हातात धरून फिरवायचा असेल तर नाही.

अशा वेळी मी ट्रान्समीटरला आणखी एक इंडक्टर जोडण्याचा सल्ला देतो. याला एलसीसी-एस मांडणी म्हणतात. १०३ किलोहर्ट्झ कायम ठेवून ब्रिजनंतर २.८ मायक्रोहेन्रीचा इंडक्टर सिरीजमध्ये, त्यानंतर सुमारे ८६० नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर आडवा, आणि कॉइलच्या सिरीजमधला कपॅसिटर १०० ऐवजी ११३ नॅनोफॅरॅडचा. आता ट्रान्समीटर कॉइलमधला प्रवाह त्या छोट्या इंडक्टरने ठरतो, आपल्या आकड्यांत ३ अँपियर. लोड लावा, काढा, रिसीव्हरच उचलून न्या, तो तेवढाच राहतो. रिसीव्हरला मिळणारं व्होल्टेज साडेअकराच्या आसपास, लोड काहीही असो. रिसीव्हर समोर नसला की ब्रिजमधून जाणारा प्रवाहही नाममात्र. बक कन्व्हर्टर इथे खुशाल लावा. तोटा एवढाच की कॉइलमधले ३ अँपियर रिकाम्या वेळीही फिरत राहतात आणि वॉट-दीड वॉट उष्णता देत राहतात. आणि तो छोटा इंडक्टर चांगल्या गाभ्यावर गुंडाळलेला हवा, हाताला लागेल त्या टोरॉइडवर नाही.

विद्यार्थ्यांनी याच मांडणीने सुरुवात करावी असं माझं मत आहे, जरी पाठ्यपुस्तकं सिरीज-सिरीजने सुरू होत असली तरी.

ट्रान्समीटर आणि रिसीव्हर एकमेकांशी बोलतात तेव्हा

मोबाइल चार्जरमध्ये हा प्रश्न संवादाने सोडवलेला असतो. रिसीव्हर स्वतःचा लोड किंचित बदलून ट्रान्समीटरकडे संदेश पाठवतो, सेकंदाला दोन हजार बिट या वेगाने. "हवं त्यापेक्षा कमी येतंय" किंवा "जास्त येतंय" एवढाच आकडा, उणे १२८ ते अधिक १२७ मधला, साधारण पाव सेकंदाने एकदा. त्यावरून ट्रान्समीटर फ्रिक्वेन्सी हलवतो. ए-१ मध्ये रेझोनन्स १०० किलोहर्ट्झच्या आसपास आणि चालवण्याचा पट्टा ११० ते २०५ किलोहर्ट्झ ठेवलाय, हे नीट बघा. फ्रिक्वेन्सी वाढवली की पॉवर कमी, हे समीकरण रेझोनन्सच्या शिखराच्या वरच्या बाजूलाच खरं असतं. शिखर ओलांडून खाली गेलात की चिन्ह उलटतं: कंट्रोलर पॉवर वाढवायला फ्रिक्वेन्सी उतरवतो, पॉवर कमी होते, तो आणखी उतरवतो. तुमच्या कोडमध्येही फ्रिक्वेन्सीची खालची मर्यादा ठोकून बसवा आणि ती पीआयडीच्या हाती देऊ नका.

पाव सेकंद हा लोडच्या दृष्टीने फार मोठा काळ आहे. आपल्या सिरीज-सिरीज उदाहरणात १०० मायक्रोफॅरॅडचा फिल्टर कपॅसिटर असेल आणि लोड अचानक सुटला, तर व्होल्टेज एका मिलिसेकंदात ११ व्होल्टने चढतं. संदेश पोचेपर्यंत रेग्युलेटर गेलेला असतो. म्हणून पहिल्या मिलिसेकंदाची जबाबदारी रिसीव्हरच्या हार्डवेअरची, ट्रान्समीटरने सावकाश मागून सावरायचं. ब्लूटूथने संदेश पाठवणार असाल तरी हीच वाटणी ठेवा, आणि ट्रान्समीटरचा लूप रिसीव्हरच्या लूपपेक्षा निदान दहापट संथ ठेवा. दोघंही एकाच वेगाने सुधारायला लागले की एकमेकांशी भांडतात आणि व्होल्टेज डुलत राहतं.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या बीक्यू५१०१३बी या रिसीव्हर चिपने एक चतुर सोय केली आहे. लोड हलका असताना ती रेक्टिफायरचं व्होल्टेज सातच्या आसपास मागून घेते, पूर्ण लोडवर पाचाच्या जरा वर. हलक्या लोडवर वरचे दोन व्होल्ट वाया जातात, पण प्रवाह कमी असल्याने तोटा किरकोळ. अचानक मोठा लोड आला की व्होल्टेज कोसळायला तेवढी उंची शिल्लक असते. ही युक्ती स्वतःच्या कोडमध्ये चार ओळींत बसते.

संदेश चुकला तर काय करायचं, हेही आधीच ठरवा. शेवटचा आकडा धरून तसंच चालू ठेवणं ही सर्वांत वाईट निवड, कारण संदेश बहुतेकदा चुकतो तो रिसीव्हर उचलला म्हणूनच. पॉवर उतरवा, मग बंद करा. लोड बदलून संदेश पाठवणाऱ्या पद्धतीत आणखी एक खोच आहे: लोड स्वतःच धडधडत असेल, उदाहरणार्थ छोटी मोटर किंवा पीडब्ल्यूएमवर चालणारा एलईडी, तर ट्रान्समीटरला तेही बिटच वाटतात. रेक्टिफायरनंतर मोठा कपॅसिटर आणि अगदी हलक्या लोडवर आपोआप जोडला जाणारा एखादा रेझिस्टर, एवढ्याने बहुतेक वेळा भागतं.

सामान आणि चाचणी

लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात कपॅसिटर घेताना "०.१ मायक्रो, ६३० व्होल्ट" एवढंच सांगितलंत तर पॉलिएस्टरचा हातात पडू शकतो. पॉलिप्रॉपिलीन मागा. पॉलिएस्टर १०० किलोहर्ट्झवर तापतो. शिवाय अंगावर छापलेले ६३० व्होल्ट डीसीचे असतात, या फ्रिक्वेन्सीला चालणारं एसी व्होल्टेज त्याहून पुष्कळ कमी. डेटाशीटमधला आलेख पाहा आणि दोन-तीन कपॅसिटर समांतर लावून प्रवाह वाटून द्या. सिरॅमिक घेतला तर सी-झिरो-जी, एक्स-सेव्हन-आर नाही. एक्स-सेव्हन-आरची क्षमता व्होल्टेज आणि तापमानाप्रमाणे सरकते, आणि क्षमता दहा टक्के सरकली की रेझोनन्स पाच टक्के सरकतो. सगळा हिशेब पाण्यात जायला तेवढं पुरतं.

ट्रान्समीटरमध्ये प्रवाह मर्यादा हार्डवेअरमध्येच हवी. लोड सुटल्यावर २४ मायक्रोहेन्री आणि ०.२ ओहमच्या कॉइलमधला प्रवाह एकदम उसळत नाही, पाव मिलिसेकंदाच्या हिशेबाने चढतो. तीन अँपियरवरून दहावर जायला ८० मायक्रोसेकंदांच्या आसपास लागतात. साधा कंपॅरेटर तेवढ्यात ब्रिजचा ड्राइव्ह बंद करू शकतो. मुख्य लूपमध्ये दर काही मिलिसेकंदांनी एडीसी वाचणारा कोड करू शकत नाही. बेंच सप्लायची करंट लिमिट एक अँपियरवर ठेवून पहिली चाचणी घ्या, पण तिच्यावर विसंबू नका. बोर्डावरच्या इलेक्ट्रोलिटिकमध्ये साठलेली ऊर्जा सप्लायच्या मर्यादेला जुमानत नाही.

चाचणीत फक्त पूर्ण लोडवर दहा मिनिटं चालवून फोटो काढू नका. लोड दहा टक्क्यांवरून नव्वदवर आणि परत दहावर असा झटक्याने बदला. इलेक्ट्रॉनिक लोड नसेल तर एक पॉवर रेझिस्टर आणि त्याला चालू-बंद करणारा मॉस्फेट पुरेसा. ऑसिलोस्कोपवर एका वेळी रेक्टिफायरचं व्होल्टेज आणि दुसऱ्या वेळी ट्रान्समीटर कॉइलचा प्रवाह, दोन्ही सिंगल ट्रिगरवर पकडा. दोन्ही एकदम बघायचे असतील तर एका बाजूला डिफरेन्शियल प्रोब वापरा. दोन साध्या प्रोबची ग्राउंड क्लिप ट्रान्समीटर आणि रिसीव्हरला लावली की ज्या दोन सर्किटांना तारेविना वेगळं ठेवण्यासाठी एवढा खटाटोप केला, ती स्कोपच्या आतून जोडली जातात. मग दिसणाऱ्या आकृतीवर भरवसा ठेवता येत नाही. शेवटी लोड पूर्ण काढा, मग लोड चालू असताना रिसीव्हर हाताने उचला, मग तिरका परत ठेवा, आणि हे तिन्ही कॉइल चांगल्या गरम झाल्यावर पुन्हा करा. तांब्याचा रेझिस्टन्स आणि कपॅसिटरची क्षमता दोन्ही तोवर सरकलेले असतात.